पायऱ्या चारच, पण आकडा पस्तीस अंकी

बीजगणित करणाऱ्या संगणक-प्रणालींबद्दल बोलताना आपण ‘कार्यक्षम’ हा शब्द फार सैल वापरतो. भागाकार किती झाले ते मोजायचं आणि पद्धत चांगली की वाईट ते ठरवायचं, ही आपली सवय. ही सवय का फसवते, ते आज एका उदाहरणावर पाहू.

डोनाल्ड क्नूथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’च्या दुसऱ्या खंडात दोन बहुपदी आहेत. एक आठव्या घाताची, दुसरी सहाव्या. त्यांतला सर्वांत मोठा सहगुणक २१. त्यांचा मसावि काढायचाय. शाळेतली युक्लिडची रीत लावली, आणि अपूर्णांक टाळायला दरवेळी गुणून घेतलं, तर ४ भागाकारांत काम संपतं. उत्तर साधं: सामाईक अवयव नाही. पण शेवटची बाकी येते ३५ अंकी! म्हणजे पायऱ्या वाढल्याच नाहीत, फुगले ते आकडे. यंत्राचा वेळ आणि स्मृती तिथं जाते.

जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६७ साली दाखवलं, की प्रत्येक बाकीत कोणता अवयव फुकटचा शिरलाय हे आधीच सांगता येतं. तो भागून टाका. याच उदाहरणात शेवटची बाकी मग २६०७०८, म्हणजे ६ अंकी. भागाकार मात्र तेवढेच, ४. आता पायऱ्या मोजणाऱ्यानं या दोन रीतींत फरक सांगावा कसा?

तिसरी वाट, जिचा सविस्तर विचार डब्ल्यू. एस. ब्राऊन यांनी १९७१ साली केला: सगळे सहगुणक एखाद्या मूळ संख्येनं भागून फक्त बाक्या ठेवायच्या. १३ घेतली तर ३ भागाकार पुरतात, आणि एकही आकडा १२च्या वर जात नाही. बाकी उरते ती शून्य नसलेली संख्या, म्हणून मूळ बहुपदींनाही सामाईक अवयव नाही. हे निर्विवाद.

पण १३ऐवजी ७ घेतली तर? आता ‘क्ष वजा ४’ हा सामाईक अवयव दिसायला लागतो. तो खोटा आहे. दुसऱ्या बहुपदीत क्षच्या जागी ४ घाला, किंमत येते १३४८९. ही शून्य नाही, फक्त ७नं भाग जाणारी आहे. तिथंच थांबणारा प्रोग्रॅम वेगवान असेल, पण चुकीचं उत्तर देईल.

म्हणून सापडलेल्या अवयवानं दोन्ही मूळ बहुपदींना भागून पाहायचं. भाग गेला नाही तर मूळ संख्या बदलायची. काही जण या पडताळणीला वरचा खर्च समजतात आणि वेगाच्या तुलनेतून वगळतात. आमचा आक्षेप इथंच आहे. पडताळणी हा रीतीचाच भाग आहे, तिचा वेळही हिशेबात धरायला हवा. तेव्हा कुणी नवी कार्यक्षम रीत सांगितली, की दोन प्रश्न विचारा: मधले आकडे किती मोठे होतात? आणि उत्तर बरोबर आहे, हे कुठं तपासलं?