दंडाच्या आतला रंग

जुळे सोलापुरात एप्रिलच्या दुपारी दुचाकीवरून हिंडणाऱ्या कुणालाही घड्याळ काढायला सांगा. पट्ट्याखालची कातडी एका रंगाची, मनगट दुसऱ्याच. मग या माणसाचा रंग कोणता लिहायचा? बेपत्ता व्यक्तीच्या वर्णनात ‘रंग सावळा’ एवढ्यावर भागतं. त्वचारोगतज्ज्ञाचं भागत नाही. तो बाही वर सारायला लावतो आणि दंडाची आतली बाजू बघतो. तिथे ऊन क्वचितच पोचतं, म्हणून तो रंग जन्मजात, मनगटावरचा कमावलेला. नुसती जागा निवडण्यातच केवढी जाण आहे!

हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांची १९७५ची प्रतवारी मला त्याहून आवडते. सोरायसिसच्या रुग्णांना गोळी देऊन वर अतिनील किरण द्यायचे होते. केस-डोळ्यांच्या रंगावरून मात्रा ठरवली, तर काळ्या केसांची काही गोरी माणसंही भाजून निघत. तेव्हा त्यांनी रंग पाहणं बाजूला ठेवलं आणि विचारलं, उन्हात तुमची कातडी भाजते की रापते? नेहमी भाजते, कधीच रापत नाही, तो पहिला प्रकार. क्वचित भाजते, छान रापते, तो चौथा. रंगाऐवजी कातडीचा स्वभाव विचारणं, ही खरी कारागिरी. पाचवा आणि सहावा प्रकार मागाहून जोडले, ते मात्र सरळ तपकिरी नि काळी त्वचा म्हणून. इथे ताल चुकला, आणि चुकला तो नेमका आपल्यापाशी!

त्वचेचा रंग मोजणाऱ्या यंत्राचं गणित या बाबतीत निःपक्ष. १९७६ साली ठरलेल्या एल-ए-बी पद्धतीत एल म्हणजे उजळपणा, शून्य ते शंभर. ए लालीचा, बी पिवळेपणाचा. उजळपणातून पन्नास वजा करायचे, त्याला पिवळेपणाने भागायचं आणि त्या गुणोत्तराचा कोन काढायचा. समजा दंडाच्या आत उजळपणा ६०, पिवळेपणा १८. कोन सुमारे २९ अंश, म्हणजे मध्यम वर्ण. त्याच हाताच्या मनगटावर उजळपणा ५० भरला की कोन थेट शून्य, म्हणजे तपकिरी. एकाच माणसाचे दोन वर्ण, आणि दोन्ही खरे. लाली या सूत्रात धरलेलीच नाही, हे विशेष; कारण ती रक्ताची, घटकेत येते नि जाते.

तीच लाली डॉक्टर साध्या काचपट्टीने वेगळी काढतात. काच दाबली की रक्त बाजूला सरतं, लाली ओसरते. मेलॅनिनचा, म्हणजे त्वचेच्या रंगद्रव्याचा, डाग जागचा हलत नाही. मेलॅनिन तपकिरीच, पण त्वचेत खोल असलं की निळसर दिसतं. आपल्याकडच्या कितीतरी तान्ह्या बाळांच्या ढुंगणावरचा निळा डाग तो हाच, आणि बहुतेकदा निरुपद्रवी. सावळ्या अंगावरची सूज लालभडक न दिसता जांभळट किंवा करडी दिसते, म्हणून जाणता डॉक्टर नुसतं बघत नाही, हात लावून ऊबही तपासतो.

तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना पावडर-क्रीम लावू नका, आणि बाही दंडापर्यंत सरेल असाच सदरा घाला.