हॉटेलला पैसे नव्हते म्हणून

'बिफोर सनराइज' पाहिलेल्या कुणालाही विचारा, जेसी सेलीनला गाडीतून उतरायला कसं तयार करतो? सगळ्यांना ते भाषण आठवतं. वीस वर्षांनी तुझं लग्न झालेलं असेल, संसार कंटाळवाणा झालेला असेल, तेव्हा तुला वाटेल की तो गाडीतला मुलगा कसा होता कोण जाणे. तर आत्ताच उतर आणि बघून घे. हा सीन रील्समध्ये इतका फिरलाय की पिक्चर न पाहिलेल्यांनाही तो माहीत असतो.

पण त्याच बोलण्यात जेसी आणखी एक गोष्ट सांगतो. सकाळी व्हिएन्नाहून त्याचं स्वस्तातलं विमान आहे आणि हॉटेलला पैसे नाहीत, त्यामुळे तो रात्रभर शहरात नुसता हिंडणार आहे. मी हा पिक्चर पाच-सहा वेळा पाहिला होता. इंजिनिअरिंगला असताना पुण्यात हॉस्टेलवर, मग जर्मनीत मास्टर्स करताना दोनदा. हे वाक्य दर वेळी कानावरून गेलं. गेल्या महिन्यात हिंजवडीच्या फ्लॅटवर पुन्हा लावला, तेव्हा तिथेच पॉज करून बसलो.

रिचर्ड लिंकलेटरचा हा चित्रपट १९९५चा. इथन हॉक हा अमेरिकन जेसी, ज्युली डेल्पी ही सॉर्बोनमध्ये शिकणारी सेलीन. ती बुडापेस्टला आजीला भेटून पॅरिसला कॉलेजसाठी परत निघालीय. तो माद्रिदला मैत्रिणीकडे आला होता, तिथे फाटलं, आणि मग युरेल पास काढून दोन आठवडे नुसता गाड्यांतून फिरतोय. म्हणजे सुट्टीतली माणसं, हातात पास, डोक्यावर परतीची तारीख. समीक्षक याला संवादांचा सिनेमा म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. मला मात्र आता तो हिशोबाचा सिनेमा वाटतो. त्याच्याकडे एका खोलीचे पैसे असते, तर ही गोष्टच घडली नसती.

या नजरेनं पाहा, सगळा पिक्चर बदलतो. रेकॉर्डच्या दुकानात दोघं अरुंद बूथमध्ये उभं राहून कॅथ ब्लूमचं गाणं ऐकतात, रेकॉर्ड विकत घेत नाहीत. कालव्याच्या काठी एक कवी भीक मागण्याऐवजी कविता लिहून देण्याचा सौदा करतो. रात्री जेसी बारवाल्याला सांगतो की आमच्याकडे ही एकच रात्र आहे, वाइन हवीय, पैसे नंतर पाठवतो. तेवढ्यात सेलीन ग्लास ढापते. झोपायला बाग. या पिक्चरमधला रोमान्स जवळजवळ फुकटात होतो, आणि लिंकलेटरला हे नीट ठाऊक आहे. पैसे नसले की माणसाला कुठेतरी आत जाऊन बसता येत नाही. मग चालावं लागतं, आणि चालताना बोलावं लागतं.

तरीही त्यांच्या पैसे नसण्यात आणि आमच्या पैसे नसण्यात फरक आहे. बुडापेस्टहून व्हिएन्नाला येताना सीमा लागते. ऑस्ट्रिया आणि हंगेरीमधली नेहमीची तपासणी बंद झाली ती २००७च्या डिसेंबरात. पिक्चर त्याआधीचा. तरी पासपोर्ट मागणारा माणूस पडद्यावर येत नाही. अमेरिकन आणि फ्रेंच पासपोर्ट असल्यावर तो सीन लिहायची गरज कुणाला वाटणार? जेसीचा खिसा रिकामा आहे, पण तो रिकामा खिसा कुठेही चालतो.

पासपोर्टवरून नाही, पण परवानगीवरून आठवतो तो त्याच वर्षीचा दुसरा पिक्चर. १९९५च्या ऑक्टोबरात 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' आला आणि मुंबईत मराठा मंदिरला वर्षानुवर्षं मुक्कामाला राहिला. त्यातही युरेल आहे, गाडी चुकणं आहे, अनोळखी मुलाबरोबर घालवलेली रात्र आहे. आपण त्याला स्वित्झर्लंडच्या गाईंच्या घंटांसाठी लक्षात ठेवतो, पण त्यातला मला सगळ्यात खरा वाटणारा सीन लंडनमधल्या घरातला आहे. सिमरन वडिलांकडे एक महिना मागते. लग्न ठरलेलंय, मुलगा पाहिलेला नाही, पण त्याआधी एक महिना स्वतःसाठी हवाय. ते मागताना तिचा आवाज बघा. आणि राज? तो नापास झालाय, आणि त्याचा बाप ते साजरं करतोय! एकाच गाडीत दोघं बसतात, पण एकाची सुट्टी आहे आणि दुसरीची मुदत.

कारागिरीत 'बिफोर सनराइज' किती तरी पुढे आहे, याबद्दल मला शंका नाही. 'दिलवाले'मधला युरोपातला बराच भाग राजच्या माकडचाळ्यांत जातो आणि आज तो बघवत नाही. पण प्रवासाला परवानगी कोण देतं आणि तिचे दिवस कोण मोजतं, हा प्रश्न फक्त हिंदी पिक्चरला पडला. लिंकलेटरच्या गाडीत तो नाहीच.

आमच्याकडे मोजायला बरंच होतं. मी बव्हेरियात शिकत होतो. जर्मनीत येण्याआधी विद्यार्थ्याला बँकेत वर्षभराचे पैसे गोठवून ठेवावे लागतात. २०२२ मध्ये ती रक्कम १०,३३२ युरो होती, आणि त्यातले महिन्याला ८६१ हातात यायचे. त्यात भाडं, विमा, तांदूळ आणि उरलेच तर युरोप. मग त्या वर्षी जून, जुलै, ऑगस्ट असे तीन महिने सरकारनं ९ युरोंचं तिकीट काढलं. महिनाभर, देशभर, वेगवान गाड्या सोडून कुठलीही गाडी. आम्ही अक्षरशः वेडे झालो.

आमची सहा जणांची टोळी होती, चार राज्यांतली. दर शुक्रवारी असाइनमेंट टाकायची आणि पळायचं. एक्सेल शीट माझ्याकडे. कॉलम होते शहर, गाडी, किती वेळा बदलायची, फुकट टॉयलेट कुठे, काय 'कव्हर' करायचं. हा शब्द आम्ही परीक्षेच्या सिलॅबससारखाच वापरायचो. रविवारी जर्मनीत दुकानं बंद, त्यामुळे डब्यात पोळीचे रोल, दाण्याची चटणी, उकडलेली अंडी. रात्रीच्या गाडीत ती अंडी उघडली की शेजारचे लोक डबा बदलायचे. आमच्या शीटमध्ये हिरव्या झालेल्या शहरांचा आकडा ऑगस्टमध्ये एकोणीस होता. त्यातल्या सहा शहरांबद्दल आज मला स्टेशनापलीकडे काही आठवत नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या वीकेंडला व्हिएन्ना ठरलं. ते ९ युरोंचं तिकीट सीमेपार साल्झबुर्गपर्यंत चालायचं. तिथून व्हिएन्नाच्या वेस्टबानहोफपर्यंत वेगळं तिकीट, साधारण अडीच तास. जर्मनीच्या परमिटवर बाकीच्या शेंगेन देशांत १८० दिवसांतले ९० दिवस फिरता येतं, त्यामुळे कागदांची अडचण नव्हती. टोळीतले चौघं ऐन वेळी गळले. उरलो मी आणि अमरावतीची एक मैत्रीण. होस्टेलचे दर बघितले आणि मी तिला जेसीची आयडिया सांगितली. रात्रभर हिंडू, सकाळच्या गाडीनं परत.

"झोपायचं कुठं मग?" तिनं विचारलं.

"झोपायचं नाही. तीच तर मजा आहे."

"काहून रे असे पिक्चर पाहतो तू?" म्हणाली, आणि आली.

माझ्या फोनमध्ये सगळ्या लोकेशन्सचा नकाशा तयार होता. ज्या पुलावर जेसी आणि सेलीनला ते दोन नाटकवाले भेटतात तो त्सोलआम्टस्टेग. मग काफे श्पेर्ल, जिथे दोघं फोनचा खोटा खेळ खेळतात. प्रातेरचं चक्र. ज्योतिषीण भेटते ते छोटं कॅफे. वीकेंडला तिथे यू-बान रात्रभर चालते, त्यामुळे पाय दुखले की गाडीत बसायचं आणि पुढच्या ठिकाणी उतरायचं. पिक्चरमधली फ्रेम आणि समोरची जागा मी फोनवर जुळवून बघत होतो. कॅमेरा कुठे ठेवला असेल, कुठल्या उंचीवर. त्यात खरोखर मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

पहाटे आम्ही आल्बर्टिनासमोरच्या गच्चीवर पोचलो. पुतळा, मागे उजाडू लागलेलं आकाश, हुबेहूब. ती पायरीवर बसली होती. म्हणाली, "मी तिसऱ्यांदा बसली होती त्या पेपरला. सोमवारी रिझल्ट आहे."

तिकडच्या बऱ्याच विद्यापीठांत एका पेपरला तीनच संधी असतात. तिसरीही हुकली की तो कोर्स संपला, आणि परमिट कोर्सलाच बांधलेलं असतं. हे मला माहीत होतं. आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. ती पुढे म्हणाली की बाबांनी दोन वर्षं दिली होती, लोन त्यांच्या नावावर आहे, सप्टेंबरअखेर कार्ड संपतंय.

मी म्हणालो, "होईल गं. थांब, जरा सरक, फ्रेममध्ये येतेयस."

ती सरकली.

सकाळच्या गाडीत ती झोपली. साल्झबुर्ग सोडल्यावर गणवेशातले दोघं आत आले आणि कार्डं बघून गेले. तिनं कार्ड पाकिटात ठेवायच्या आधी त्यावरची तारीख एकदा स्वतः वाचली, हे मी पाहिलं. तेव्हाही काही बोललो नाही. सोमवारी संध्याकाळी तिनं ग्रुपवर एवढंच टाकलं की झालं नाही. ऑक्टोबरात ती गेली. मी बॅगा उचलू लागलो, 'काही लागलं तर सांग' म्हणालो. असं म्हणणाऱ्या माणसाला कुणी काही सांगत नाही. नागपूरच्या विमानतळावर वडील घ्यायला आले होते आणि घरापर्यंतच्या तीन तासांत त्यांनी परीक्षेचा विषयच काढला नाही, असं तिनं पुढे कधीतरी सांगितलं. अमरीश पुरी प्रत्येकाच्या घरी नसतात.

म्हणून गेल्या महिन्यात मला पिक्चर वेगळा दिसला. सेलीन आणि जेसी व्हिएन्ना पाहतच नाहीत! राजवाडा नाही, म्युझियम नाही. पुलावरचे नाटकवाले त्यांना आपल्या नाटकाचं आमंत्रण देतात, आणि हे दोघं जायचंच विसरतात. रेकॉर्डच्या बूथमध्ये तर बोलणंही नाही. तो बघतो तेव्हा ती नजर वळवते, ती बघते तेव्हा तो, आणि कॅमेरा मधे कापत नाही. लिंकलेटरनं एका मुलाखतीच्या ओघात सांगितलेली गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे. १९८९ मध्ये फिलाडेल्फियात तो एका तरुणीबरोबर अशीच एक रात्र हिंडला, पुढे संपर्क तुटला, आणि पिक्चर येण्याआधीच ती अपघातात गेली होती, हे त्याला किती तरी वर्षांनी कळलं. त्या रात्रीतलं त्याला शहर आठवत राहिलं नाही. माणूस आठवत राहिला. मी मात्र नेमका उलटा धडा घेऊन नकाशा बनवला.

पिक्चरवर माझी एक तक्रार अजूनही आहे. सेलीन मृत्यूबद्दल, आजीबद्दल, बायकांबद्दल खूप काही बोलते, पण सोमवारी तिचं काय होणार आहे, हे ती बोलत नाही, कारण तिच्या सोमवारी काही होणार नसतं. सुट्टी संपली तर कॉलेज आहेच. प्रवासातलं बोलणं इतकं मोकळं, इतकं सुंदर होऊ शकतं ते त्यामुळे. आल्बर्टिनाच्या गच्चीवर माझ्यासमोर जे वाक्य आलं होतं, ते त्या पटकथेत बसलंच नसतं, आणि मी पटकथा घेऊन फिरत होतो. याचा दोष लिंकलेटरला देता येत नाही. पण अशा पिक्चरचे नकाशे घेऊन फिरणारी आमच्यासारखी पोरं दर सेमिस्टरला विमानानं उतरतायत, म्हणून लिहिलं.

शेवट तुम्हाला आठवत असेल. दोघं स्टेशनवर निरोप घेतात, पत्ता नाही, फोन नंबर नाही, सहा महिन्यांनी भेटायचं ठरतं. मग कॅमेरा रात्रभरातल्या जागा एकेक करून दाखवतो. पूल, बाग, चक्र, सगळं सकाळच्या उजेडात रिकामं. माझ्या फोनमध्ये त्या रात्रीचे चौसष्ट फोटो आहेत. तेही सगळे रिकामे. पिक्चरमध्ये जागा रिकाम्या आहेत कारण माणसं निघून गेलीत. माझ्या फोटोंत ती फ्रेमच्या बाहेर दोन पावलांवर उभी आहे.

त्यातले चार-पाच मी तिला पाठवले. ती आता नागपूरला नोकरी करते, दिवाळीला मेसेज होतो आमचा. दोन दिवसांनी उत्तर आलं.

"हे कुठलं रे? मला फक्त तुझी अंडी आठवतात."

मग थोड्या वेळानं आणखी एक. "आणि चार वाजता थंडी वाजत होती, तुझं जॅकेट होतं माझ्याकडे. ते द्यायचं राहिलं."