निनावी वाक्य, निनावी छाप

कचेरीतील लिंगभेदी शेरेबाजीला कर्ता नसतो. ती सगळेच करतात आणि जाब विचारला तर कोणीच केलेली नसते. 'गंमत केली' एवढ्यावर प्रकरण मिटते. तिचा प्रतिवाद अवघड होतो तो या कर्तृलोपामुळे. लंडनमधील 'सी रेड विमेन्स वर्कशॉप' (१९७४-१९९०) या गटाने हाताने स्क्रीन-प्रिंटिंग करून काढलेली भित्तिपत्रके या संदर्भात पाहावयास हवीत.

'प्रचारकी' हा आपला लाडका शिक्का त्यांवर सहज मारता येईल. परंतु अपूर्वता, निर्मात्याची व्यक्तिमुद्रा हे निकष येथे लागूच पडत नाहीत. पत्रके सामूहिक, त्यांवर व्यक्तीची सही नाही. निनावी, वारंवार उच्चारल्या जाणाऱ्या वाक्याला तितकीच निनावी, वारंवार निघणारी छाप सामोरी जाते. 'माय वाइफ डझन्ट वर्क' हे एका पत्रकाचे शीर्षक तर नवऱ्याच्याच तोंडचे आहे. ('आमची घरीच असते' हे आपल्याकडील त्याचे भावंड.) गप्पांत विरून जाणारे हे विधान भिंतीवर आले की विधान म्हणून तपासावे लागते.

न्यूयॉर्कच्या 'गरिला गर्ल्स'नी १९८८ मध्ये स्त्री-कलावंत असण्याचे 'फायदे' सांगणारे पत्रक काढले. तेथील उपरोध अधिक तल्लख आहे, पण त्यावर हाताची खूण नाही. 'सी रेड'च्या छापांत ती जाणवते, म्हणून मला त्या अधिक जवळच्या वाटतात. अर्थात, ज्याच्या तोंडचे वाक्य उचलले तोही ते वाचून हसून पुढे जाऊ शकतो. उपरोधाची ही अडचण दोघींनाही सुटलेली नाही.