'सॅन अँड्रियास'चा जीर्णोद्धार

संगणकावरच्या खेळाला कलाकृती म्हणावे की नाही, हा वाद येथे उकरून काढण्याचा माझा हेतू नाही. नाटकाला संहिता असते आणि प्रयोग असतो. खेळालाही तसेच असते. फरक इतकाच की खेळाचा प्रयोग प्रत्येक घरच्या संगणकावर, त्याच्या कुवतीप्रमाणे वेगळा होतो. एवढे मान्य केले तरी माझे काम भागेल.

ज्या खेळाविषयी लिहीत आहे तो 'ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास'. २००४ साली तो प्लेस्टेशन-२ या यंत्रावर आला आणि २००५ साली संगणकावर. आईच्या मृत्यूमुळे पाच वर्षांनी आपल्या वस्तीत परतणारा कार्ल जॉन्सन हा त्याचा नायक; काळ १९९२ चा. त्यात हिंसा आणि शिवीगाळ भरपूर आहे. तो प्रौढांसाठीच आहे, शाळकरी मुलांसाठी नव्हे, हे मुख्याध्यापक या नात्याने आधीच नोंदवून ठेवतो.

आमच्या सोनागिरीतल्या घरी राहून अभियांत्रिकी शिकणारा माझा पुतण्या हा खेळ खेळतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या संगणकावर त्याने एकामागून एक मॉड चढवले. मॉड म्हणजे चाहत्यांनी मूळ खेळात घातलेली भर : नवे रस्ते, चकाकत्या गाड्या, पाण्यातली प्रतिबिंबे. खेळ देखणा झाला, पण अडखळू लागला. आता त्याला नवे कार्ड हवे आहे, आणि त्याची किंमत कॉलेजच्या एका सत्राच्या फीच्या घरात जाते. म्हणून प्रश्न केवळ रसिकतेचा उरलेला नाही. तरीही त्याचे उत्तर मला रसिकतेतच सापडते.

मूळ कृती आधी पाहू. प्लेस्टेशन-२ ची मुख्य स्मृती अवघी ३२ मेगाबाइट. तेवढ्यात तीन शहरे, वाळवंट आणि डोंगर एकाच वेळी मावणे शक्य नव्हते. म्हणून जवळचे तेवढे दाखवायचे आणि दूरचे नारिंगी धुक्यात बुडवायचे, अशी युक्ती कर्त्यांनी केली. खेळातला प्रदेश जेमतेम सहा किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद. पण धुक्यामुळे तो अफाट वाटतो. हिवाळ्यात सकाळी भोपाळच्या मोठ्या तलावाचा पलीकडचा काठ दिसत नाही, तेव्हा तलावाचा समुद्र होतो, तसेच हे. अडचणीतून निघालेली युक्ती कृतीचा स्वभाव होऊन बसली.

बहुतेक हौशी मॉडकार पहिला घाव या धुक्यावरच घालतात. मग चिलियाड डोंगरावरून दूरची शहरे हाकेच्या अंतरावर दिसतात आणि राज्याची वसाहत होते. २०२१ साली खुद्द कंपनीने काढलेल्या नव्या आवृत्तीतही हेच झाले आणि तिच्यावर सडकून टीका झाली. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये जुन्या धर्तीच्या प्रकाशयोजनेचा पर्याय तिच्यात घालावा लागला. जुन्या देवळाच्या कोरीव दगडावर भक्तिभावाने ऑइलपेंट फासणारी विश्वस्त मंडळी आपल्या गावोगावी आहेत. त्यांच्याही भक्तीविषयी शंका नसते.

दुसरी गोष्ट लयीची. पडद्यावर सेकंदाला ३० चित्रे उमटायची, तर एका चित्राला सुमारे ३३ मिलिसेकंद मिळतात. ६० उमटायची तर १७ सुद्धा नाहीत. प्रत्येक अलंकार या वेळातूनच आपला वाटा उचलतो. ५१२ बिंदू रुंदीच्या चौरस पोताऐवजी २०४८ बिंदूंचे पोत घातले, तर त्याला सोळापट स्मृती लागते. पडदा १२८० × ७२० वरून १९२० × १०८० वर नेला, तर रंगवायचे ठिपके सव्वादोन पट होतात. तबलजीला एकाच मात्रेत किती बोल कोंबायला सांगणार?

पण वेग वाढवणे म्हणजे लय साधणे नव्हे. या खेळाची काही गणिते चित्रांच्या संख्येला बांधलेली आहेत. मूळ वेगमर्यादा काढून टाकली की चित्रे भराभर धावतात, आणि नायकाला पाण्यात पोहणे मात्र जड जाते. शिवाय सेकंदाला ६० वेळा उजळणाऱ्या पडद्यावर ३० चित्रे बरोबर बसतात; प्रत्येक चित्राला दोन पाळ्या मिळतात. ४५ चित्रांत काहींना एक, काहींना दोन पाळ्या मिळतात आणि डोळ्यांना ठेच लागते. म्हणून ३५ ते ५५ मध्ये हेलकावणाऱ्या वेगापेक्षा स्थिर ३० मला अधिक सुरेल वाटते.

या कसोटीवर मॉडांची निवड करता येते. जुन्या चुका दुरुस्त करणारे 'सायलेंटपॅच' आधी घ्यावे. संगणकावर येताना हरवलेले मूळ रंग आणि धुके परत आणणारे 'स्कायजीएफएक्स' त्यानंतर. रात्री दूरच्या दिव्यांचे ठिपके दाखवणारे 'प्रोजेक्ट टूडीएफएक्स' हेही घ्यावे, पण त्यातले दृश्याचे अंतर वाढवणारे कलम बंद ठेवून. बोरिस व्होरोन्त्सोव्ह यांचे 'ईएनबी' ही मोठी करामत आहे, यात वाद नाही. पण त्याच्या छाया-प्रतिबिंबांचा भार दुबळ्या संगणकाला सोसत नाही, आणि त्याचा झगमगाट १९९२ च्या त्या धुळकट वस्तीला शोभतही नाही. प्रत्येक भर एकेक करून घालावी आणि भर वस्तीत, पावसात गाडी चालवून पाहावी. रिकाम्या रस्त्यावर सगळेच संगणक शूर असतात.

पुतण्याला हे पटलेले नाही. "काका, तुम्ही अडचणीलाच कला म्हणता," असे तो म्हणतो. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे; ३२ मेगाबाइटची सक्ती नसती तर कर्त्यांनी काय केले असते, हे कोणी सांगावे? पण मला परीक्षण करायचे आहे ते त्यांनी जे केले त्याचे. तूर्त एवढे ठरले आहे की सत्र संपेपर्यंत कार्ड घ्यायचे नाही, आणि वर सांगितलेल्या तीन मॉडांवर त्याने महिनाभर खेळून पाहायचे. त्यानंतरही त्याला नवे कार्ड हवेसे वाटले, तर त्यामागचे कारण हा खेळ नसेल, एवढे मात्र मी त्याला आजच सांगून ठेवले आहे.