खूण खोटी, विश्वास खरा: आपत्कालीन सेवेच्या तोतयांविषयीच्या कायद्याचे परीक्षण

चंडीगडच्या एखाद्या चौकात मागून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला की आपण गाडी बाजूला घेतो. आतल्या माणसाचे ओळखपत्र मागत नाही. घाईच्या वेळी खूण हाच पुरावा असतो. हा विश्वास कायदा कितपत जपतो, ते या टिपणात तपासू.

प्रथम तरतुदी पाहू. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम २०४ नुसार लोकसेवक असल्याची बतावणी करून त्या नात्याने कृती केल्यास किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद व दंड होतो. कलम २०५ केवळ पोशाख किंवा खूण वापरण्याबद्दल आहे. लोकांचा तसा समज व्हावा हा हेतू, किंवा तसा समज होईल याची जाणीव, एवढे त्यासाठी पुरते. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हेतू किंवा जाणिवेची ही अट योग्यच आहे. तिच्यामुळे नाटकातला पोलीस गुन्हेगार ठरत नाही.

पहिला दोष असा की दोन्ही कलमे ‘लोकसेवक’ या शब्दावर उभी आहेत. पोलीस त्यात येतो. खासगी रुग्णालयाच्या रुग्णवाहिकेवरचा कर्मचारी सहसा येत नाही. त्याचे सोंग घेणाऱ्यावर मुख्यतः तोतयेगिरीने फसवणुकीचे कलम ३१९ उरते. त्यासाठी आधी कोणीतरी फसावे लागते.

दुसरा दोष शिक्षेच्या प्रमाणात आहे. लाल क्रॉस ही मुळात सैन्याच्या वैद्यकीय सेवेची व रेडक्रॉस संस्थेची खूण. जिनिव्हा करार अधिनियम, १९६० नुसार तिच्या अनधिकृत वापराला दंड आहे पाचशे रुपयांपर्यंत, शिवाय संबंधित माल जप्त होऊ शकतो. उलट, मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई नुसार रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे खुणेचा मान न राखणाऱ्याचा दंड खूण चोरणाऱ्याच्या वीसपट!

तिसरी बाजू चंडीगडनेच दाखवली. जानेवारी २०२० मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने चंडीगड, मोहाली व पंचकुला येथील वाहनांवर पद किंवा हुद्दा मिरवण्यास मनाई केली. यातला विचार महत्त्वाचा आहे. कलम २०५ तोतयाला पकडते. खऱ्या पदाची पाटी घरच्या गाडीवर लावून वाट काढणारा त्यातून सुटतो. खुणेची किंमत मात्र दोघेही कमी करतात.

अभियांत्रिकीत आपण शिकतो की गजर वारंवार खोटा ठरला, तर खऱ्या गजराकडेही दुर्लक्ष होते. इथेही तेच. एकदा फसलेला चालक पुढच्या वेळी बाजूला होत नाही, आणि त्या गाडीतला रुग्ण खरा असतो. कायद्याने पदाच्या प्रतिष्ठेबरोबर या रुग्णाचाही विचार करायला हवा. म्हणून ‘लोकसेवक’ या शब्दाशेजारी ‘आपत्कालीन सेवा देणारा’ हा शब्द यावा आणि १९६० चा दंड काळाप्रमाणे वाढावा, असे माझे मत आहे.

विचारासाठी प्रश्न: महाविद्यालयाच्या प्रथमोपचार गटाने सद्हेतूने जॅकेटवर लाल क्रॉस छापला. कलम २०५ लागू होईल का? आणि १९६० चा अधिनियम? त्या अधिनियमात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ‘कोणत्याही कारणासाठी’ वापराला मनाई आहे, हे ध्यानात घेऊन उत्तर लिहा.