किंग्स्टनचा अनिर्णित सामना आणि चमत्काराची कथा

लिंबूटिंबू म्हणून हिणवल्या गेलेल्या संघाने बलाढ्याला लोळवले, ही कथा कोणत्याही भाषेत सांगितली तरी तिचा साचा फारसा बदलत नाही. आरंभी दुर्बळाच्या दुर्बळपणाचे वर्णन, मग सबळाचा दरारा, मग एक निर्णायक दिवस आणि त्या दिवसाचा एक नायक. शेवटी ‘चमत्कार’ हा शब्द येतो आणि कथा मिटते. २२ फेब्रुवारी १९८० रोजी न्यूयॉर्क राज्यातील लेक प्लॅसिड या गावी हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या हौशी, बहुतांशी महाविद्यालयीन वयाच्या बर्फावरील हॉकीपटूंनी सोव्हिएत संघाला ४-३ असे हरवले. मागील चारही ऑलिंपिकची सुवर्णपदके सोव्हिएत संघाकडे होती आणि तेरा दिवसांपूर्वीच त्याने याच अमेरिकी मुलांचा १०-३ असा धुव्वा उडवला होता. त्या सामन्याला तिकडे नाव पडले ते ‘बर्फावरचा चमत्कार’ हेच. पुढे त्यावर चित्रपटही निघाले.

या सामन्याची एक गोष्ट समीक्षकाच्या उपयोगाची आहे. सामना झाला संध्याकाळी पाचच्या सुमारास. अमेरिकेच्या दूरचित्रवाणीने तो रात्री, ध्वनिचित्रमुद्रणावरून दाखवला. म्हणजे कित्येकांना निकाल आधीच कळला होता, तरीही ते पडद्यासमोर बसले आणि शेवटच्या मिनिटाला त्यांचाही श्वास रोखला गेला. निकाल ठाऊक असताना उरते ते काय?

पेडण्याच्या वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. जत्रेच्या रात्री दशावतारात गणपती येतो, ऋद्धि-सिद्धी येतात, सरस्वती येते, मग संकासूर येतो. वेद पळवणाऱ्या या असुराला विष्णू मारणार, हे मांडासमोर पेंगणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. पुढच्या आख्यानाचेही तेच. आख्यानाला लिखित संहिता नसते, पण शेवट ठरलेला असतो. राजा प्रौढ मराठीत बोलतो, संकासूर बोलीत बोलतो आणि त्या बोलीवर मंडप हसतो. (गोव्यातल्या भाषावादाच्या काळात या मंचाकडे दोन्ही बाजूंनी पुरेसे पाहिले नाही, अशी एक जुनी तक्रार येथे नोंदवून ठेवतो.) कोण जिंकणार हे विचारायला कोणी येत नाही. आज ते कसे घडवतात, याची उत्सुकता पहाटेपर्यंत माणसांना बसवून ठेवते.

आपल्या काव्यशास्त्रात ‘चमत्कार’ हा शब्द याच अंगाने येतो. व्यवहारात चमत्कार म्हणजे कारणावाचून घडलेली घटना. शास्त्रात मात्र तो घटनेत नसतो, आस्वाद घेणाऱ्याच्या चित्तात असतो. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त आपल्या नारायण या पूर्वजाचे मत नोंदवले आहे. रसाचे सार चमत्कार असल्यामुळे सर्वत्र अद्भुत हाच रस मानावा, असे ते मत. ते टोकाचे आहे हे मान्य करूनही त्यातून एक भेद हाती लागतो. कारणे दडवून साधलेला विस्मय एकदाच होतो; कारणे कळल्यावर वाढणारा विस्मय पुन्हा पुन्हा होतो. दुबळ्याच्या विजयाच्या बहुतेक कथा पहिल्या विस्मयावर भागवतात. प्रस्तुत लेखकाच्या मते, आपल्याकडील अशा सर्वांत मोठ्या कथेचेही हेच झाले आहे.

ती कथा १९७१ ची. तोवर भारत वेस्ट इंडिजविरुद्ध २३ कसोटी सामने खेळला होता. त्यांपैकी १२ हरला होता, ११ अनिर्णित राहिले होते, विजय एकही नव्हता. १९६२ च्या दौऱ्यात तर पाचही कसोट्या गेल्या आणि बार्बाडोसमध्ये कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या कवटीवर चेंडू आदळून त्यांचे प्राणच धोक्यात आले. १९७१ च्या आरंभी विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींऐवजी अजित वाडेकर कर्णधार झाले. १० मार्च १९७१ रोजी पोर्ट ऑफ स्पेनला भारताने दुसरी कसोटी सात गडी राखून जिंकली आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकवून मालिका १-० अशी घेतली. सुनील गावसकर यांचे या कसोटीत पदार्पण झाले. चार कसोट्यांत त्यांनी ७७४ धावा केल्या.

हा विजय आपल्याकडे कोणी घरी बसून पाहिला नाही. मुंबईत दूरदर्शन आले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. गोव्यात त्याहून पुष्कळ उशिरा. त्यामुळे पोर्ट ऑफ स्पेन आपल्यापर्यंत पोचले ते शब्दांतून, वृत्तपत्रांच्या स्तंभांतून आणि मग तोंडातोंडी. डिचोलीकडे भातकापणी झालेल्या मळ्यांत खेळून झाल्यावर बांधावर बसून थोरले ही गोष्ट सांगत, ती आम्ही ऐकली. सांगणारा नेहमी पोर्ट ऑफ स्पेनपासूनच सुरुवात करी. आबिद अलीने सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर फ्रेडरिक्सचा त्रिफळा उडवला, दुराणीने दुसऱ्या डावात लॉइड आणि सोबर्स यांना टिपले, सोबर्स तर शून्यावर. आणि मग गावसकर. सांगणाऱ्याने यांतले काही पाहिले नव्हते, हे तेव्हा आमच्या ध्यानातही आले नाही.

पराभूतांकडेही या कथेचा नायक तोच ठरला. त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटर या कॅलिप्सो गायकाने गावसकरांवर गीत रचले. हरलेल्या देशाच्या गायकाने जिंकणाऱ्याचे पोवाडे गावेत, हे औदार्य दुर्मीळ आहे आणि त्या गीताची कीर्ती योग्यच आहे. पण कॅलिप्सो हा प्रकारच एका नावाभोवती फिरणारा. त्याच्याकडून मालिकेचा इतिहास मागणे म्हणजे आरतीकडून चरित्र मागण्यासारखे. अडचण ही की आपल्या गद्यानेही पुढे आरतीचीच रीत उचलली. गावसकरांचे ‘सनी डेज’ (१९७६) हे आत्मचरित्र. आत्मचरित्रकाराने आपल्या नजरेतून लिहावे हा त्याचा हक्क आहे आणि कर्तव्यही. तीच नजर इतरांनी इतिहासाची म्हणून वापरली, याचा दोष त्या पुस्तकाकडे जात नाही.

आता किंग्स्टनकडे वळू. मालिकेची पहिली कसोटी तेथे १८ फेब्रुवारीपासून होती. बोटाच्या दुखण्यामुळे गावसकर त्या सामन्यात नव्हतेच. पहिला दिवस पावसात वाहून गेला. मग भारताची अवस्था ५ बाद ७५ झाली. मागच्या २३ सामन्यांची स्मृती असलेल्या कोणालाही पुढचे सगळे ठाऊक होते. दशावतारातल्या संकासुराचा शेवट ठाऊक असावा, तितकेच.

तेथे दिलीप सरदेसाई उभे होते. वय तीस, संघात जागा मिळाली ती जवळजवळ शेवटच्या क्षणी, वाडेकरांच्या आग्रहामुळे, असे सांगतात. त्यांच्या जोडीला एकनाथ सोलकर, मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करणाऱ्या माळ्याचा मुलगा. दोघांनी १३७ धावा जोडल्या, त्यांत सोलकरांच्या ६१. पुढे नवव्या गड्यासाठी सरदेसाई आणि प्रसन्ना यांनी १२२ जोडल्या, त्यांत प्रसन्नांच्या २५. सरदेसाई २१२. वेस्ट इंडिजविरुद्ध भारतीय फलंदाजाचे ते पहिले द्विशतक. भारत ३८७, वेस्ट इंडिज २१७, आघाडी १७०. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनसाठी २०० धावांची आघाडी लागते. एक दिवस बुडाल्याने सामना चार दिवसांचा धरला गेला आणि १५० पुरेशा ठरल्या. वाडेकर सोबर्सच्या खोलीत गेले आणि त्यांनी पुन्हा फलंदाजी करायला सांगितले. वेस्ट इंडिजवर भारताने फॉलोऑन लादण्याची ती पहिलीच वेळ. कान्हायने नाबाद १५८ धावा करून सामना वाचवला. निकाल: अनिर्णित.

आणि अनिर्णित असल्यामुळेच तो कथेतून गळला. आपला साचा निकालावर पोसलेला आहे. ज्या सामन्याला निकाल नाही त्याला प्रकरण मिळत नाही. वास्तविक, बलाढ्य संघ वाकू शकतो हे कळले ते किंग्स्टनला. सोबर्सच्या संघाला पुन्हा खेळायला सांगण्याचे धाडस ज्याने एकदा केले, त्याला पोर्ट ऑफ स्पेनच्या पहिल्या चेंडूचे भय उरले नसणार, असे मला वाटते. हे अनुमान आहे, पण धावफलकाला धरून आहे. दुसऱ्या कसोटीतही नोरिएगाने ९५ धावांत नऊ बळी घेतले असताना सरदेसाईंनी ११२ काढल्या. चौथ्या कसोटीत बार्बाडोसला भारत ६ बाद ७० असा कोसळला आणि पुन्हा सरदेसाई (१५०) आणि सोलकर (६५) यांनी १८६ धावांची भागी रचली. तो सामनाही अनिर्णित राहिला, म्हणजे आघाडी टिकली. सरदेसाईंच्या मालिकेतील एकूण धावा ६४२.

याला अकल्पित म्हणावे काय? १९६५ साली मुंबईत न्यूझीलंडविरुद्ध भारत ८८ धावांत बाद होऊन फॉलोऑनमध्ये गेला होता. तेथे दुसऱ्या डावात नाबाद २०० करणारे हेच गृहस्थ. पडझडीत उभे राहण्याचा त्यांना सराव होता. कारण असे समोर ठेवले की व्यवहारातला चमत्कार विरतो, आणि शास्त्रातला तेथून पुढे सुरू होतो. ५ बाद ७५ ही ओळ वाचताना आज, सर्व ठाऊक असूनही, माझ्या अंगावर काटा येतो.

गोमंतकीय वाचकांशी येथे थोडे परखड बोलले पाहिजे. सरदेसाईंचा जन्म ८ ऑगस्ट १९४० रोजी मडगावचा. त्यामुळे आपल्याकडे त्यांच्यावर लिहिले जाते ते ‘गोमंतकाचा सुपुत्र’ या चालीवर. एका नायकाच्या जागी दुसरा बसवला की न्याय झाला, अशी ही समजूत. ती साचा मोडत नाही, फक्त मूर्ती बदलते. शिवाय ती खरीही नाही. त्यांचे क्रिकेट घडले मुंबईच्या मैदानांवर. गोव्याचा संघ रणजी करंडकात उतरला तो १९८५-८६ साली, त्यांची कारकीर्द संपून वर्षे लोटल्यावर. ज्या प्रांताने त्यांना खेळपट्टी दिली नाही त्याने त्यांच्या धावांवर हक्क सांगताना जरा संकोच बाळगावा. त्यापेक्षा एक साधी तारीख लिहून ठेवण्याजोगी आहे. कानपूरला इंग्लंडविरुद्ध ते पहिली कसोटी खेळायला उतरले १ डिसेंबर १९६१ रोजी. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबरला. म्हणजे त्यांच्या अंगावर भारताची टोपी चढली तेव्हा त्यांचे जन्मगाव पोर्तुगालच्या ताब्यात होते. या अठरा दिवसांत एक कादंबरी दडलेली आहे, आणि आपले लेखक मात्र पुतळ्याच्या भाषेत अडकले आहेत.

गावसकरांच्या ७७४ धावांचे मोल यामुळे कमी होत नाही. पाचव्या कसोटीतील १२४ आणि २२० नसत्या तर आघाडी कदाचित राहिली नसती. प्रश्न मोलाचा नाही, कथनाचा आहे. वाडेकरांचे ‘माय क्रिकेटिंग इयर्स’ १९७३ साली आले. सरदेसाई २००७ मध्ये गेले. त्यांच्यावरचे एक प्रकरण राजदीप सरदेसाई यांच्या ‘डेमॉक्रसीज इलेव्हन’ (२०१७) या इंग्रजी पुस्तकात आहे, मुलाने वडिलांवर लिहिलेले, आणि म्हणून वेगळ्या मायेचे. मला वाचायचे आहे ते दुसरेच काही. नवव्या गड्याच्या त्या भागीदारीत १२२ पैकी २५ धावा करून एरापल्ली प्रसन्ना दुसऱ्या टोकाला उभे होते. त्यांनी किती चेंडू नुसते अडवले, षटकाच्या शेवटी एकेक धाव कशी चोरली गेली, दोघे खेळपट्टीच्या मधोमध येऊन काय बोलले असतील, हे सगळे मराठीत कोणी लिहिले तर विजयाचा उल्लेखही न करता ते पहाटेपर्यंत वाचता येईल.