एक मिना चांदी

हमुराबीची संहिता वाचली म्हणजे प्राचीन बाबिलोनचा समाज कळला, असें समजणारे विद्वान् थोडे नाहींत. इ. स. १९०१-०२ मध्यें सूसा येथें तो शिलास्तंभ सांपडला आणि समाजाचे तीन थर एकदम उघडे झाले : अवीलुम् म्हणजे प्रतिष्ठित गृहस्थ, मुश्केनुम् म्हणजे त्याच्याहून कनिष्ठ परंतु स्वतंत्र मनुष्य (ह्या शब्दाच्या नेमक्या अर्थाविषयीं पंडितांत वाद आहे), आणि वर्दुम् म्हणजे दास. गृहस्थाचा डोळा फोडणाऱ्याचा डोळा फोडावा. मुश्केनुमाचा फोडल्यास एक मिना, म्हणजे सुमारें अर्धा किलो, चांदी द्यावी. दासाचा फोडल्यास त्याची निम्मी किंमत. शस्त्रवैद्याचें वेतनहि ह्याच उतरंडीनें दहा, पांच आणि दोन शेकेल. ही रचना इतकी रेखीव आहे कीं, तिच्याविषयीं शंकाच यावी. शेवटीं बोलणारा राजा आहे. आरंभीं व अखेरीस तो स्वतःचेंच स्तवन करितो. त्या काळच्या न्यायनिवाड्यांच्या इष्टिकांत ह्या कलमांचा आधार घेतलेला क्वचितच आढळतो.

म्हणून मला त्याच सुमाराचें, उर येथील एक पत्र अधिक बोलकें वाटतें. तें आज ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. नान्नी नांवाचा गिऱ्हाईक तांब्याचा व्यापारी एआ-नासिर ह्यास खडसावीत आहे. कबूल केलेल्या लगडी न देतां हलक्या पुढें केल्या, ही तक्रार आहेच. परंतु त्याच्या जिव्हारीं लागलें आहे तें निराळेंच. आपल्यासारखींच प्रतिष्ठित माणसें पैशासाठीं पाठविलीं असतां, एआ-नासिरानें त्यांस शत्रूच्या मुलुखांतून रिकाम्या हातीं परत धाडलें! तांब्यापेक्षां अब्रूचा हिशेब मोठा आहे. पुढें नान्नीकडील एक मिना चांदीच्या देण्याचा उल्लेख येतो. १९६७ च्या इंग्रजी भाषांतरांत ओपनहाइम ह्यांनीं तेथें ‘क्षुल्लक’ हें विशेषण कंसांत घातलें आहे. कंस भाषांतरकाराचा खरा, पण सूर नान्नीचाच आहे. कारण लगेच तो एआ-नासिरासाठीं राजवाड्यांत भरलेल्या १,०८० पौंड तांब्याची आठवण देतो. संहितेंत जें मुश्केनुमाच्या डोळ्याचें मोल, तें ह्या गृहस्थांस भांडणापुरतेंहि वाटत नाहीं. दोन थरांमधील अंतर कोणत्याहि कलमानें मला इतकें स्पष्ट दाखविलें नव्हतें.

अर्थात् हें पत्रहि एकाच थराचें आहे. यापुढें आपल्या अंगणांत एकेक लगड पारखून घेईन, असें बजावून नान्नी थांबतो. त्या लगडी अंगणापर्यंत कोणीं वाहून आणावयाच्या, हें सांगण्याची त्याला गरज भासत नाहीं.